स्लायडर +१५० वर, वेग मात्र शंभरनेच वाढला: ग्राफिक्स कार्डातलं वॅट आणि मेगाहर्ट्झचं गणित

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आलं, तेव्हा त्याच्या वेगाइतकीच चर्चा झाली ती ५७५ वॅट या आकड्याची. २०१२ साली याच कंपनीचं जीटीएक्स ६८० हे कार्ड १९५ वॅटमध्ये भागवत होतं. तेरा वर्षांत विजेची भूक जवळपास तिप्पट झाली, तरी ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांची, म्हणजे कार्ड ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणाऱ्यांची, तक्रार जुनीच आहे: वॅट पुरत नाहीत.

नवीन माणूस या भानगडीत पडतो तो असा. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर उतरवायचं, कोअर क्लॉकचा स्लायडर +१५० वर न्यायचा आणि गेम सुरू करायचा. अपेक्षा असते की वेग बरोबर दीडशे मेगाहर्ट्झने वाढेल. प्रत्यक्षात कधी सत्तर वाढतो, कधी शंभर, आणि एखाद्या जड दृश्यात तर खाली घसरलेला दिसतो. मग प्रश्न सुरू होतात. कार्ड खराब निघालं का? दुकानदाराने फसवलं का? बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. तुम्ही जो आकडा बदललात तो वेगाचा नव्हताच.

आधी तीन शब्द

क्लॉक म्हणजे चिप सेकंदाला किती ठोके घेते तो आकडा. २५०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २५० कोटी ठोके. व्होल्टेज म्हणजे ते ठोके नीट पडावेत म्हणून चिपला दिलेला विजेचा दाब. आजच्या कार्डांत तो एक व्होल्टच्या अल्याडपल्याड असतो. पॉवर लिमिट म्हणजे कार्डाने जास्तीत जास्त किती वॅट ओढायचे याची बांधून दिलेली मर्यादा. एनव्हिडियाच्या कार्डांत या मर्यादेत नुसती चिप नाही, तर मेमरी, पंखे आणि व्होल्टेज उतरवणारं सर्किटसुद्धा धरलेलं असतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कंपनीने ठरवलेल्या क्लॉकच्या वर चिप चालवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

वेग तुम्ही ठरवत नाही

२०१२ च्या आधी सगळं सरळ होतं. तुम्ही ९०० मेगाहर्ट्झ लिहिलंत की गेममध्ये कार्ड ९०० वर चालायचं. जमलं तर जमलं, नाहीतर गेम बंद पडायचा. जीटीएक्स ६८० सोबत जीपीयू बूस्ट ही वेग आपोआप कमी-जास्त करणारी सोय आली आणि हा कारभार बदलला. त्या कार्डाच्या खोक्यावर दोन आकडे होते, बेस १००६ आणि बूस्ट १०५८ मेगाहर्ट्झ. पण बूस्टचा आकडा ही कमाल मर्यादा नव्हती. नेहमीच्या वापरात सरासरी एवढा वेग मिळावा, इतकाच त्याचा अर्थ. आजही तसंच आहे. आरटीएक्स ४०९० चा जाहीर बूस्ट २५२० मेगाहर्ट्झ, पण घरी गेम लावलात तर २७०० च्या वरचा आकडा दिसणं अगदी सामान्य.

आतली रचना अशी आहे. प्रत्येक चिपसाठी एक तक्ता असतो: अमुक व्होल्टला तमुक मेगाहर्ट्झ. कार्ड स्वतःची अवस्था सतत तपासत राहतं. वॅट मर्यादेत आहेत का, तापमान मर्यादेत आहे का, व्होल्टेज छतापर्यंत पोचलंय का. या सगळ्या अटी पाळून तक्त्यात जितकं वर जाता येईल तितकं ते जातं, एखादी अट मोडायला लागली की एक पायरी उतरतं. एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांत ही पायरी १५ मेगाहर्ट्झची असते.

म्हणूनच एकाच कार्डाचा वेग प्रत्येक गेममध्ये वेगळा दिसतो. खंबाटकी चढणारी एसटी डोळ्यांसमोर आणा. इंजिन तेच, ड्रायव्हरचा पायही तितकाच दाबलेला, पण मोकळी गाडी भराभर चढते आणि टपापर्यंत भरलेली गाडी खालच्या गिअरवर येते. इंजिन बिघडलेलं नसतं, जोर तेवढाच आणि ओझं जास्त. जुना हलका गेम चिपच्या थोड्याच भागाला कामाला लावतो, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला वीज कमी लागते आणि तेवढ्याच वॅटमध्ये जास्त ठोके बसतात. रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करून चित्र काढणं) लावलेला नवा गेम किंवा फरमार्कसारखी चाचणी चिपचा कानाकोपरा राबवते, म्हणून क्लॉक खाली येतं. फरमार्क लावून "माझं कार्ड बूस्टला पोचतच नाही" असं म्हणण्यात अर्थ नाही, कारण ती चाचणी केलीच आहे वॅट खाण्यासाठी.

वॅट मोजतं कोण?

हा भाग बघण्यासारखा आहे. पॉवर केबल कार्डात शिरते तिथे तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, काळा, चपटा रोधक बसवलेला असतो. त्याला शंट म्हणतात. त्याचा रोध सहसा पाच मिलिओहम, म्हणजे नसल्यातच जमा. कार्डात जाणारी वीज या शंटमधून जाते आणि त्याच्या दोन टोकांत व्होल्टेजचा किंचित फरक पडतो. आठ पिनांच्या एका जोडणीतून १५० वॅट येत असतील तर १२ व्होल्टला प्रवाह होतो साडेबारा अँपिअर, आणि पाच मिलिओहमच्या शंटवर फरक पडतो साडेबासष्ट मिलिव्होल्टचा. शेजारची एक छोटी चिप एवढासा फरक वाचते, त्यावरून कार्ड वॅटचा हिशोब करतं आणि त्या हिशोबावर तुमच्या गेमचा वेग ठरतो.

काही हौशी मंडळी या शंटच्या डोक्यावर दुसरा तसाच रोधक डागतात. रोध अर्धा झाला की फरकही अर्धा पडतो, आणि ३०० वॅट ओढणारं कार्ड आपण १५० च ओढतोय असं समजतं. विक्रम करण्यासाठी द्रवरूप नायट्रोजन ओतून कार्ड चालवणाऱ्यांनी हे करावं. घरच्या कार्डावर कुणी करत असेल तर माझ्या मते तो शुद्ध आडमुठेपणा आहे. वॉरंटी तर जातेच, शिवाय कार्डाला स्वतःचा खरा वीजवापर दिसेनासा होतो.

खरा खर्च व्होल्टेजचा

चिप किती वीज खाते याचं ढोबळ सूत्र सोपं आहे: व्होल्टेजचा वर्ग गुणिले क्लॉक. क्लॉक १० टक्के वाढलं तर वीज १० टक्के वाढते. व्होल्टेज १० टक्के वाढलं तर २१ टक्के. आणि गोची अशी की क्लॉक वाढवायला व्होल्टेजही वाढवावंच लागतं, कारण दाब कमी पडला तर ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले सूक्ष्म स्विच, पुढच्या ठोक्याआधी आपलं काम संपवू शकत नाहीत. मग चित्रात ठिपके दिसतात, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कोसळतो.

एक उदाहरण करून बघू. समजा चिप २५०० मेगाहर्ट्झला ०.९५ व्होल्ट मागते आणि २७०० ला १.०५. क्लॉक वाढलं ८ टक्के. व्होल्टेजचा वर्ग वाढला २२ टक्के. दोन्हींचा गुणाकार केला की वीज वाढली सुमारे ३२ टक्के. आठ टक्के वेगासाठी बत्तीस टक्के वीज. आणि गेममधल्या फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, तर आठ टक्क्यांनीही वाढत नाहीत, कारण मेमरी आणि प्रोसेसर आहेत तिथेच राहतात.

तक्त्याच्या वरच्या टोकाला हा सौदा पायरीगणिक महाग होत जातो. आणि कंपन्या कार्ड विकतात ते याच महागड्या टोकाजवळ लावून. कारण उघड आहे: परीक्षणांच्या आलेखात प्रतिस्पर्ध्यापेक्षा तीन टक्के पुढे दिसणं ही त्यांची गरज, तुमचं वीजबिल ही नाही.

मग +१५० लिहिल्यावर नेमकं होतं काय?

आता मुद्द्यावर येऊ. कोअर क्लॉकचा स्लायडर हा वेगाचा नाही, तो सगळा तक्ता उचलतो. "०.९० व्होल्टला १८०० मेगाहर्ट्झ" अशी नोंद होती, ती "०.९० व्होल्टला १९५०" अशी होते. तुम्ही कार्डाला एवढंच सांगता: ही चिप कंपनी म्हणते त्यापेक्षा बरी आहे, तेवढ्याच व्होल्टला ती दीडशे जास्त देईल.

समजा कार्ड आधीच वॅटच्या मर्यादेला टेकून ०.९० व्होल्टवर चालत होतं. ते तुमचं ऐकतं आणि ०.९० व्होल्टला १९५० करून बघतं. पण व्होल्टेज तेच राहून क्लॉक वाढलं, म्हणजे वॅट वाढले आणि मर्यादा ओलांडली. मग ते पायरी पायरी उतरायला लागतं. उतरताना व्होल्टेजही कमी होतं, वीज भराभर घटते आणि कुठेतरी हिशोब जुळतो. तक्त्याचा चढ मिलिव्होल्टला दोन मेगाहर्ट्झ धरून वरच्या सूत्राने कागदावर मांडलं, तर तो जुळतो ०.८७६ व्होल्टच्या आसपास, क्लॉक १९०० च्या जरा वर. दीडशे लिहिले, मिळाले शंभर. वॅट जेवढे होते तेवढेच.

म्हणजे स्लायडर +१५० ला नेऊन तुम्ही केलंत काय, तर आधीपेक्षा कमी व्होल्टला आधीपेक्षा जास्त वेग मागितलात. ज्याला अंडरव्होल्टिंग म्हणून वेगळं काढतात, ते याहून वेगळं नाही. वॅटची मर्यादा गाठलेल्या कार्डावर ओव्हरक्लॉक आणि अंडरव्होल्ट हे एकाच कृतीचं नाव आहे, फक्त एकात नजर वेगावर असते आणि दुसऱ्यात वॅटवर.

कार्ड नेमकं कशामुळे अडलंय हे ताडायची गरज नाही. जीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे, एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याच्या सेन्सरच्या पानावर तळाजवळ "पर्फकॅप रीझन" अशी ओळ असते. तिथे पॉवर आलं तर वॅट संपलेत, थर्मल आलं तर तापमान, व्होल्टेज आलं तर चिप सुरक्षित व्होल्टेजच्या छताला टेकली आहे. ही ओळ न बघता स्लायडर हलवत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

"सरळ पॉवर लिमिटच वाढवतो ना!"

वाढवा, जिथे सोय दिली आहे तिथे. आरटीएक्स ४०९० ची मर्यादा ४५० वॅट, आणि त्याच्या फाउंडर्स एडिशनमध्ये, म्हणजे एनव्हिडियाच्या स्वतःच्या आवृत्तीत, ती ६०० पर्यंत नेता येते. एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्समध्ये ३५५ वर १५ टक्के. बऱ्याच स्वस्त कार्डांत हा स्लायडर १०० टक्क्यांच्या पुढे सरकतच नाही. पण ज्यांचा सरकतो त्यांनाही फळ बेताचंच मिळतं. ४०९० ला तिसरा हिस्सा वीज जास्त दिली तरी बहुतेक गेममध्ये फरक मोजकेच टक्के पडतो, कारण चिप वॅट संपायच्या आधीच व्होल्टेजच्या छताला जाऊन टेकते.

आणि ते वॅट यायचे कुठून, हा प्रश्न आहेच. मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट, सहा पिनांच्या जोडणीतून ७५, आठ पिनांच्या जोडणीतून १५० असं ठरलेलं आहे. हे आकडे कागदावर शोभेला नाहीत, हे २०१६ मध्ये कळलं. एएमडीचं आरएक्स ४८० हे १५० वॅटचं कार्ड सहा पिनांची एकच जोडणी घेऊन आलं, म्हणजे स्लॉट आणि केबल मिळून बरोबर १५०, वर एक वॅटसुद्धा शिल्लक नाही. परीक्षकांनी मोजलं तर कार्ड स्लॉटमधून ७५ पेक्षा जास्त ओढत होतं. काही दिवसांतच, जुलैमध्ये, एएमडीला नवा ड्रायव्हर काढून स्लॉटवरचा भार केबलकडे वळवावा लागला आणि वॅट कमी करणारी एक वेगळी सोयही द्यावी लागली.

पुढे ६०० वॅटची बारीक पिनांची नवी जोडणी आली आणि ऑक्टोबर २०२२ पासून ४०९० च्या वितळलेल्या प्लगचे फोटो फिरायला लागले. एनव्हिडियाचं म्हणणं होतं की प्लग पूर्ण आत बसवलेला नव्हता. ते खरं धरलं तरी आता याच जोडणीवर चालणाऱ्या ५०९० चा हिशोब बघा: ५७५ वॅट १२ व्होल्टला म्हणजे ४८ अँपिअर, ते सहा पिनांत सारखे वाटले गेले तर प्रत्येकी ८. एखादी पिन नीट टेकली नाही की तिचा वाटा शेजारणींवर जातो. इथे पॉवर लिमिट अजून वाढवायची हौस कुणाला असेल तर आधी प्लग "टक्" होईपर्यंत बसला आहे का, ते बघावं.

पॉवर सप्लायचंही तेच. पॉवर लिमिट ही सरासरीवरची मर्यादा आहे. क्षणभरासाठी कार्ड तिच्या बरंच वर उसळी घेतं. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकात, नवी जोडणी असलेल्या पॉवर सप्लायने स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंद सहन केली पाहिजे अशी अट घातली गेली. जुन्या सप्लायवर नवं कार्ड लावल्यावर गेम ऐन रंगात असताना पीसी फटकन बंद होतो, त्यात या उसळीचा हात असू शकतो.

उलट दिशेने गेलं तर?

म्हणजे व्होल्टेज आणि वॅट उतरवले तर? मला विचाराल तर आजच्या कार्डावर करण्यासारखं काही असेल तर हेच. आरटीएक्स ३०८० वर लोक साधारण ०.८५ ते ०.९० व्होल्टच्या दरम्यान १८०० ते १८५० मेगाहर्ट्झ पकडतात. कार्डाचे मूळ ३२० वॅट लक्षणीय खाली येतात आणि फ्रेममधला फरक डोळ्यांना कळत नाही. ४०९० ची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर, म्हणजे ३१५ वॅटवर आणली तरी बहुतेक गेममधलं नुकसान एकेरी टक्क्यांत राहतं.

रीत सोपी आहे. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल-एफ दाबलं की तक्ता आलेखाच्या रूपात उघडतो, आडवे मिलिव्होल्ट आणि उभे मेगाहर्ट्झ. आधी सगळी रेघ थोडी खाली आणायची, मग ९०० मिलिव्होल्टचा ठिपका पकडून हव्या त्या क्लॉकवर उचलायचा आणि लागू करायचं. त्या ठिपक्याच्या उजवीकडची रेघ सपाट होते, म्हणजे कार्ड त्याहून जास्त व्होल्टेज मागायला जातच नाही. मग तासभर जड गेम खेळून बघायचं. कोसळला तर १५ मेगाहर्ट्झ खाली. दुसऱ्याच्या कार्डाचे आकडे जसेच्या तसे उतरवू नयेत, कारण एकाच वेफरवरून (सिलिकॉनच्या चकतीवरून) कापलेल्या दोन चिपाही सारख्या निघत नाहीत.

एएमडीच्या कार्डांत हेच त्यांच्या अ‍ॅड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये होतं. एक सावधगिरी मात्र हवी: आरएक्स ६००० मालिकेत सॉफ्टवेअर जे वॅट दाखवतं ते फक्त चिपचे असतात, सगळ्या कार्डाचे नाही. त्या आकड्याची एनव्हिडियाच्या आकड्याशी तुलना करून "एएमडी किती कमी वीज खातं" असं ठरवणाऱ्यांचे वाद ऐकण्यासारखे असतात.

मेमरी वाढवली तर फुकटात वेग?

फुकट नाही. सुरुवातीला सांगितलेलं ते वाक्य आठवा: मर्यादेत मेमरीही धरलेली आहे. मेमरीचं क्लॉक वाढवलं की ती जास्त वॅट खाते आणि तेवढे चिपच्या वाट्यातून जातात. काही गेममध्ये तरीही फायदा होतो, काहींत होत नाही. शिवाय जीडीडीआर६एक्स प्रकारच्या मेमरीत चुकलेला डेटा ओळखून पुन्हा पाठवायची सोय आहे. त्यामुळे मेमरी जास्त ताणली तरी गेम कोसळत नाही, पण पुन्हा पाठवण्यात वेळ जाऊन फ्रेम कमी होतात. स्क्रीनवर मेमरीचा आकडा चढलेला आणि प्रत्यक्षात खेळ मंदावलेला. म्हणून दर वाढीनंतर फ्रेम मोजाव्यात, मेगाहर्ट्झ मोजून उपयोग नाही.

डिसेंबरात चालत होतं, मे महिन्यात का नाही?

नागपूर-चंद्रपूरकडच्या वाचकाला हे सांगायला नको. पंखा तेवढाच फिरत असेल आणि वॅट तेवढेच असतील, तर खोलीतली हवा २५ ऐवजी ४० अंश झाल्यावर चिपही सुमारे १५ अंशांनी जास्त तापते. तापलेल्या ट्रान्झिस्टरमधून काम नसतानाही जास्त वीज झिरपते, म्हणजे त्याच वेगाला वॅट जास्त लागतात. एनव्हिडियाची कार्डं तर मर्यादेला पोचायच्या कितीतरी आधीपासून, तापमान चढेल तसं १५-१५ मेगाहर्ट्झने उतरत जातात. त्यामुळे थंडीत बेतून बसवलेला ओव्हरक्लॉक उन्हाळ्यात कमी वेग देतो किंवा कोसळतो. तपासणी करायची तर भर दुपारी, एसी बंद ठेवून करा.

"पण कार्ड जळेल का?"

नुसत्या सॉफ्टवेअरने स्लायडर हलवून कार्ड जाळणं आज जवळपास अशक्य आहे. व्होल्टेजचं छत कंपनीने बांधून ठेवलेलं असतं. एनव्हिडियाच्या कार्डांत आफ्टरबर्नरमधला व्होल्टेजचा स्लायडर तक्त्यातले वरचे थोडे राखीव ठिपके फक्त खुले करतो. आकडे चुकले तर ड्रायव्हर कोसळतो, पीसी पुन्हा सुरू होतो, बस. दीर्घकाळ चढं व्होल्टेज आणि चढं तापमान यांनी चिपमधल्या सूक्ष्म तारा झिजतात हे खरं, आणि म्हणूनच व्होल्टेज उतरवणाऱ्याला ही काळजी कमी. वॉरंटीचे नियम मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, ते वाचूनच हात घालावा.

बिलाचं म्हणाल तर कार्डाचे १०० वॅट वाचले आणि रोज चार तास खेळ असेल, तर महिन्याला १२ युनिट. खोलीत एसी असेल तर तेवढीच उष्णता त्याला कमी ओढावी लागते, तो फायदा वेगळा.

लॅपटॉप आणि सेकंड-हँड कार्ड

आपल्याकडे बरेच जण लॅपटॉपवरच गेम खेळतात, आणि तिथे वॅटचा हिशोब नावापेक्षा महत्त्वाचा. आरटीएक्स ४०६० लॅपटॉप या एकाच नावाखाली ३५ पासून ११५ वॅटपर्यंतची कार्डं येतात, आणि त्यांचा बूस्ट त्यानुसार १४७० पासून २३७० मेगाहर्ट्झपर्यंत बदलतो. दोन लॅपटॉपांवर स्टिकर तोच, आतला वेग जमीन-अस्मान. लॅपटॉप कंपन्यांनी हा आकडा जाहीर करावा असा आग्रह एनव्हिडियाने २०२१ मध्ये धरला, पण जाहिरातीत तो अजूनही कोपऱ्यात असतो. दुकानात विचारायचा प्रश्न एकच: "कार्ड किती वॅटचं?" उत्तर आलं नाही तर कंपनीच्या वेबसाइटवरच्या तपशिलांच्या पानावर "टीजीपी" (कार्डाचे एकूण वॅट) शोधा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन जुनं कार्ड घेताना वेगळी खबरदारी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं राबवून चलन कमावणं) बंद झालं आणि ढिगाने कार्डं बाजारात आली. त्यातल्या आरएक्स ५७० आणि ५८० सारख्या कार्डांच्या बायोसमध्ये (कार्डातच साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) मायनिंगसाठी फेरफार केलेले असणं अगदी सर्रास. अशा कार्डात मेमरी ताणलेली आणि चिपचे वॅट दाबलेले असू शकतात, त्यामुळे गेममध्ये ते विनाकारण अडखळतं. जीपीयू-झेडमध्ये बायोसचा क्रमांक आणि क्लॉक बघून कंपनीच्या मूळ आकड्यांशी ताडून पाहा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये एनव्हिडिया-एसएमआय चालवलं की सध्याची पॉवर लिमिट समोर येते, त्याच्याच सविस्तर अहवालात मूळ, किमान आणि कमाल लिमिटही दिसते. मूळ आकडा कंपनीच्या आकड्याशी जुळत नसेल, तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याला कारण विचारा.